वीज कशासाठी हवी?

नोकरीला लागलो तेव्हा विजेच्या नियोजनाचे काम मला फार सोपे वाटायचे. आलेखाच्या कागदावर मागच्या पंधरा वर्षांच्या वापराचे ठिपके मांडायचे, पट्टीने रेघ ओढायची आणि तीच रेघ पुढची पंधरा वर्षे लांबवायची. रेघ जिथे पोहोचेल तेवढी वीज लागणार, असे टिपण साहेबांपुढे ठेवायचे. ही वीज कोण वापरणार आणि कशासाठी, हे मला कोणी विचारले नाही. मीही कोणाला विचारले नाही.

हा प्रश्न मला भेटला तो एप्रिल १९९१ मध्ये, 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तल्या एका लेखात. लिहिणारे होते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक अमूल्य रेड्डी आणि त्यांचे सहकारी.

रेड्डी मूळचे विद्युत-रसायनशास्त्राचे. या विषयावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक परदेशी विद्यापीठांतही शिकवले जात असे. पण १९७४ मध्ये त्यांनी संस्थेत 'अस्त्र' नावाचा गट सुरू केला आणि प्रयोगशाळेतली माणसे तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत नेली. तिथे त्यांनी घरोघर जाऊन मोजमाप केले. चुलीला सरपण किती, पाण्याला खेपा किती, बैलांचे काम किती, माणसांचे किती. खेड्यातली बहुतेक ऊर्जा सरपणाची निघाली. माणसांच्या श्रमांत निम्म्याहून अधिक वाटा बायकांचा होता. सरकारी आकडेवारीत हे श्रम कुठेच नव्हते.

त्याच भागातल्या पुरा गावात त्यांनी सामुदायिक गोबरगॅस उभारला. आधी विचार होता स्वयंपाकाच्या गॅसचा. गावाला मात्र पिण्याचे पाणी आधी हवे होते. मग गॅसवर इंजिन चालवून वीज केली. १९८७ पासून घरांत दिवे लागले आणि नळाला पाणी आले. लोक शेण आणून देत, त्याचा हिशेब ठेवला जाई. गरज काय आहे हे गावाला विचारावे लागते, हा धडा संशोधकांना तिथे मिळाला.

त्याच १९८७ साली कर्नाटक सरकारच्या समितीने राज्याचा दीर्घकालीन वीज आराखडा मांडला. इसवी सन २००० मध्ये राज्याला सुमारे ४,७५० कोटी युनिट वीज आणि ९,४०० मेगावॅट क्षमता लागेल, असा तो अंदाज होता. रेघ लांबवण्याचीच रीत.

रेड्डींनी हिशेब उलट्या टोकाने केला. माणसाला वीज नको असते. त्याला उजेड हवा असतो, आंघोळीला ऊन पाणी हवे असते, पिकाला पाणी हवे असते. प्रत्येक घरात दिवा लागेल, असे धरून त्यांनी आकडे मांडले. साध्या बल्बच्या जागी कमी वीज खाणारे दिवे, विजेच्या बंबाच्या जागी सौर बंब, चांगले पंप, खेड्यात जैवइंधनावरची छोटी वीजकेंद्रे. एवढे करून उरलेली गरज मोठ्या प्रकल्पांनी भागवायची. उत्तर आले सुमारे १,७९० कोटी युनिट आणि ४,००० मेगावॅट. म्हणजे समितीच्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी.

श्रोतेहो, तो लेख वाचून मी आमच्या वरिष्ठांना दाखवला. ते म्हणाले, "बरोबर असेल. पण लाखो घरांतले बल्ब बदलायला कोण जाणार?" तेव्हा मला राग आला होता. आज वाटते, शंका खरी होती. कमी वीज खाणारे दिवे तेव्हा फार महाग होते. शिवाय धरणाची कोनशिला बसवता येते, वाचवलेल्या युनिटची कोणी बसवत नाही.

कर्नाटकाने तो आराखडा जसाच्या तसा स्वीकारला नाही. पण त्यातली रीत हळूहळू पसरली. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतल्या गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी महाराष्ट्रासाठी कमीत कमी खर्चाचा वीज आराखडा मांडला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. दाभोळच्या महागड्या विजेचा वाद तेव्हा आपल्याकडे पेटलेला होता. २००१ मध्ये केंद्राने ऊर्जा संवर्धन कायदा केला. २००७ मध्ये कर्नाटकाने अनेक प्रकारच्या नव्या इमारतींना सौर बंब सक्तीचा केला. २०१५ पासून देशभर स्वस्त एलईडी दिवे वाटले गेले. बल्ब बदलायला कोण जाणार, याचे उत्तर मिळाले ते असे. या सगळ्याचे श्रेय एकट्या रेड्डींना देता येणार नाही, पण हा विचार कागदावर आकड्यांसह तयार होता. रेड्डी २००६ मध्ये गेले.

पुरा ज्या तुमकूर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात पावगड इथे २०१९ च्या अखेरीस २,०५० मेगावॅटचा सौर प्रकल्प पूर्ण झाला. त्यासाठी शेतकऱ्यांची जमीन भाड्याने घेतली आहे. एवढी वीज सूर्यापासून येते, याचा मला आनंद आहे. तरीही असा मोठा आकडा वाचला, की माझ्या हातातली ती पट्टी आठवते. वीज कोळशाची असो वा उन्हाची, ती कोणाच्या घरी आणि कशासाठी जाणार, हे आधी विचारायला हवे. मी ते वेळेवर विचारले नाही. आज ते टिपण लिहिणाऱ्यांनी विचारावे, एवढीच माझी इच्छा आहे.