दीक्षा देणाऱ्या भन्तेंचा देश बंदुकीखाली कसा गेला?



दरवर्षी अशोक विजयादशमीला वर्धा, पुलगाव, हिंगणघाट, आर्वीहून आपले लोक दीक्षाभूमीवर जातात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे भदंत चंद्रमणी महास्थवीर कुशीनगरचे, एवढे आपल्याला ठाऊक असते. ते मूळचे ब्रह्मदेशातील आराकानचे, हे फार थोड्यांना माहीत असते. त्याच ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने लोकांनी निवडलेले सरकार उलथवले. मग आपली पोरे विचारतात आणि विरोधक टोमणा मारतात : बुद्धाच्या देशात बंदुकीचे राज्य कसे? या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही.

ब्रह्मदेश ४ जानेवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाला. स्वातंत्र्यलढ्याचे नेते आँग सान यांची त्याआधीच, १९ जुलै १९४७ रोजी, सहकाऱ्यांसह हत्या झाली होती. त्यांनी पांगलाँग येथे शान, काचिन आणि चिन नेत्यांशी करार करून डोंगरी भागाला अंतर्गत स्वायत्ततेचा शब्द दिला होता. तो शब्द रंगूनच्या सत्तेने पाळला नाही. बंडे पेटत गेली, आणि बंडे मोडण्याच्या नावाखाली लष्कर बलाढ्य होत गेले.

पंतप्रधान ऊ नू श्रद्धाळू बौद्ध होते. त्यांच्याच पुढाकाराने १९५४ मध्ये रंगूनला सहावी धम्मसंगीती सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. पण राज्यकर्त्याच्या श्रद्धेने लोकशाही टिकत नाही. १९५८ मध्ये सत्ताधारी पक्ष फुटला तेव्हा ऊ नूंनी सरसेनापती ने विन यांनाच 'हंगामी' सरकार चालवायला बोलावले. १९६० च्या निवडणुकीने ऊ नू परत आले, पण लष्कराला सत्तेची चव लागली होती. १९६१ मध्ये ऊ नूंनी बौद्ध धर्माला राज्यधर्म केले. त्यामुळे ख्रिस्ती झालेले काचिन दुरावले. शान नेते खऱ्या संघराज्याची मागणी करू लागले. 'देश फुटतो आहे' ही सबब पुढे करून २ मार्च १९६२ रोजी ने विनने सत्ता बळकावली, संसद आणि घटना दोन्ही गुंडाळल्या. त्याच जुलैत रंगून विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या आणि विद्यार्थी संघटनेची इमारत सुरुंगाने उडवली.

पुढे १९८८ चा उठाव रक्तात बुडवला. १९९० ची निवडणूक विरोधकांनी जिंकली, पण लष्कराने निकाल मानला नाही. २००७ मध्ये भिक्खू रस्त्यावर उतरले. त्यांनी लष्करशहांपुढे भिक्षापात्र उपडे केले. विनयातील हा बहिष्कार आहे : तुमचे दान आम्हाला नको. लष्कराने विहारांवर धाडी घातल्या. नंतर २००८ च्या घटनेत त्याने संसदेच्या २५ टक्के जागा स्वतःसाठी राखल्या. महत्त्वाच्या घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून जास्त मते लागतात. म्हणजे लष्कराच्या मर्जीशिवाय काही बदलणारच नाही!

आता कटू गोष्ट. चंद्रमणी भन्तेंच्या त्याच आराकानमधून, आजच्या राखाइन प्रांतातून, २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना पळून जावे लागले. लष्कराच्या बाजूने द्वेष पेरणाऱ्यांत चीवरधारीही होते. आणि आँग सान यांच्या कन्या सू ची यांनी २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आपल्या देशाचा बचाव केला. जगाने देवी मानलेल्या नेत्याने अल्पसंख्याकांना वाऱ्यावर सोडले. सव्वा वर्षात त्याच लष्कराने त्यांनाही तुरुंगात टाकले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी नेमका हाच इशारा दिला होता. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे ते म्हणाले. बौद्ध भिक्खू संघात संसदीय रीत होती, पण ती या देशाने गमावली, याचीही त्यांनी आठवण दिली. संघात होते ते राज्यात आपोआप टिकत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी स्वतः धम्म स्वीकारला, पण राज्यघटनेत राज्याला धर्म दिला नाही. ब्रह्मदेशाचा दोष बुद्धाचा नाही. राज्याने धर्म पांघरला, अल्पसंख्याकांना दिलेला शब्द मोडला आणि राजकीय भांडण मिटवायला लष्कराला बोलावले, याचा तो दोष आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे प्रचंड दारूगोळा भांडार आहे. सीएडी कॅम्प कुणाला माहीत नाही? तरी तिथला अधिकारी उद्या वर्ध्याच्या जिल्हाधिकारी कचेरीचा ताबा घेईल, अशी भीती कुणाला वाटत नाही. ही संविधानाची कमाई आहे. पण 'देशाला एकदा लष्करी राजवटच पाहिजे' असे चहाच्या टपरीवर आणि मोबाइलवर सहज बोलले जाते. आपल्यातलेही काही माना डोलावतात. त्यांना १९५८ चे रंगून सांगा. तिथेही लष्कर थोड्या दिवसांसाठीच आले होते.

आणि विहारात बसून 'बौद्ध राष्ट्र' अशी घोषणा देणाऱ्या आपल्या भावालाही थांबवून विचारा : त्या राष्ट्रात रोहिंग्याची जागा कुठे? ज्याला हे उत्तर देता येत नाही, त्याला हिंदुराष्ट्राला विरोध करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

जयभीम! जय संविधान!