धूळ, केर आणि दूत : पेशीबाह्य पुटिकांच्या संशोधनाचा इतिहास आणि कर्करोग

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात नवी वस्तू सापडण्याला जितके महत्त्व आहे, तितकेच महत्त्व डोळ्यांसमोर असलेल्या जुन्या वस्तूला नवा प्रश्न विचारला जाण्याला आहे. पेशीबाह्य पुटिकांच्या संशोधनाचा इतिहास हे या विधानाचे बोलके उदाहरण होय. शरीरातील जवळजवळ सर्व प्रकारच्या पेशी आपल्या भोवतालच्या द्रवात पटलाने वेढलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या सोडीत असतात. या पिशव्यांनाच पुटिका असे म्हणतात. त्यांपैकी एक्झोसोम या प्रकारातील पुटिकांचा व्यास साधारणतः ३० ते १५० नॅनोमीटर असतो, तर पेशीच्या बाह्य पटलापासून थेट सुटणाऱ्या मायक्रोव्हेसिकल सुमारे १०० ते १००० नॅनोमीटर असतात. शंभर नॅनोमीटरची पुटिका तांबड्या रक्तपेशीच्या व्यासाच्या सत्तराव्या-ऐंशीव्या भागाइतकी भरते. रक्त, मूत्र, लाळ, मातेचे दूध अशा अनेक द्रवांत त्या आढळतात व त्यांच्यात प्रथिने, मेद आणि आरएनए असतात.

आज कर्करोगाचा प्रसार, त्याचे निदान आणि उपचार या तिन्ही संदर्भांत या पुटिकांची चर्चा होते. मात्र त्यांना हे स्थान सहजी मिळालेले नाही. कधी त्यांना 'धूळ' म्हटले गेले, कधी पेशीचा 'केर', तर कधी पेशीचे 'दूत'. प्रत्येक नावाने वस्तूचे एक अंग उजेडात आणले आणि दुसरे झाकले. या नामांतरांच्या आधारे इ. स. १९४६ पासूनच्या संशोधनाचा मागोवा घेणे आणि 'दूत' हे आजचे रूढ नावही तितक्याच चिकित्सेने तपासले पाहिजे असे प्रतिपादन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. गाळात राहिलेला प्रश्न

या इतिहासाचा आरंभ कर्करोगापासून नव्हे, तर रक्त गोठण्याच्या अभ्यासापासून होतो. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठातील अर्विन चारगाफ यांचे नाव डीएनएच्या घटकांच्या प्रमाणासंबंधीच्या नियमांमुळे सर्वपरिचित आहे. त्यांनी व रँडॉल्फ वेस्ट यांनी १९४६ मध्ये रक्त गोठविणाऱ्या प्रथिनाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. रक्तद्रव सेंट्रिफ्यूज यंत्रात गुरुत्वाकर्षणाच्या ३१,००० पट बलाने फिरविला असता वर उरलेला द्रव गोठण्यास अधिक वेळ लागतो, आणि तळाशी बसलेला गाळ मिसळला की गोठण्याची क्रिया त्वरेने होते, असे त्यांना आढळले. रक्त गोठविणारे काहीतरी त्या गाळात होते. त्याबरोबर रक्तपेशींच्या विघटनातून आलेले सूक्ष्म अवशेषही त्यात असावेत, असा त्यांचा तर्क होता. प्रश्नाची दिशा गोठण्याकडे असल्यामुळे त्या अवशेषांच्या स्वरूपाचा शोध पुढे गेला नाही.

ती वस्तू प्रत्यक्ष पाहण्याचे कार्य ब्रिटनमधील पीटर वुल्फ यांनी केले. १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्यांनी हे कण रक्तबिंबिकांपासून म्हणजेच प्लेटलेट्सपासून निघतात असे दाखविले आणि त्यांना 'प्लेटलेट-धूळ' असे संबोधिले. या कणांमध्ये रक्त गोठविण्याचे सामर्थ्य आहे, हे वुल्फ यांनी स्वतःच सिद्ध केले होते. म्हणजे त्यांच्या दृष्टीने ही धूळ निरुपयोगी नव्हती. परंतु धूळ हा शब्दच असा आहे की तो ऐकल्यावर झाडण्याची इच्छा होते, न्याहाळण्याची नव्हे.

रक्त गोठणे आणि कर्करोग यांचा संबंध मात्र त्याही आधीपासून ज्ञात होता. फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये, शिरांमध्ये अकारण गाठी होणे हे दडलेल्या कर्करोगाचे लक्षण असू शकते, असे आपल्या व्याख्यानात सांगितले होते. दोनच वर्षांनी तेच लक्षण त्यांना स्वतःच्या शरीरात दिसले आणि १८६७ मध्ये कर्करोगानेच त्यांचा अंत झाला. कर्करोगामुळे दूरच्या शिरेतील रक्त का गोठावे, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा शतकाहून अधिक काळानंतर हाती लागला. हॅरल्ड ड्वोराक व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये, कर्कपेशींपासून सुटणाऱ्या पुटिकांमध्ये रक्त गोठविण्याची क्षमता असते, असे दाखवून दिले. अर्बुदापासून सुटलेला कण अन्यत्र परिणाम घडवू शकतो, ही कल्पना येथे स्पष्टपणे पुढे आली.

२. मेंढीच्या रक्तपेशी आणि केराची उपपत्ती

दुसरा प्रवाह अपक्व तांबड्या रक्तपेशींच्या अभ्यासातून आला. हिमोग्लोबिन तयार करण्यासाठी या पेशीला लोह लागते. लोह वाहून आणणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाला पकडणारे ग्राही तिच्या पटलावर असतात. पेशी पक्व झाल्यावर त्यांची गरज संपते व ते नाहीसे होतात. ते जातात कोठे? त्यांचे पेशीच्या आतच विघटन होत असावे, असा स्वाभाविक तर्क होता.

१९८३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी याचे वेगळे उत्तर दिले. अमेरिकेतील सेंट लुईस येथे क्लिफर्ड हार्डिंग, जॉन ह्यूझर व फिलिप स्टाल यांनी उंदराच्या जातीतील रॅट या प्राण्याच्या पेशींवर, तर कॅनडातील माँट्रिऑल येथील मॅकगिल विद्यापीठात पॅन व रोझ जॉनस्टन यांनी मेंढीच्या पेशींवर प्रयोग केले. पेशीच्या आतील एका मोठ्या कप्प्यात लहान पुटिका तयार होतात, तो कप्पा बाह्य पटलाशी एकरूप होतो आणि आतील पुटिका ग्राहींसह बाहेर टाकल्या जातात, असे या संशोधनातून स्पष्ट झाले. पेशी बाहेरचे पदार्थ आत घेते त्या क्रियेची ही जणू उलट क्रिया होती. १९८७ मध्ये जॉनस्टन यांनी या पुटिकांसाठी 'एक्झोसोम' हे नाव वापरले. तत्पूर्वी १९८१ मध्ये एबरहार्ड ट्राम्स व सहकाऱ्यांनी पेशीपटलापासून सुटणाऱ्या पुटिकांना हेच नाव दिले होते. पुढे १९९७ मध्ये आरएनएचे विघटन करणाऱ्या, पुटिकांशी संबंध नसलेल्या एका प्रथिनसमूहालाही तेच नाव मिळाले. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ पुढील गोंधळाची नांदी ठरले.

एक्झोसोम म्हणजे पेशीने नको असलेली प्रथिने बाहेर टाकण्याचा मार्ग, ही उपपत्ती त्यानंतर प्रचलित झाली. येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. पक्व होणाऱ्या तांबड्या पेशीपुरती ही उपपत्ती बरोबरच होती. ती पेशी खरोखरच नकोसे ग्राही टाकून देत होती. अडचण झाली ती एका पेशीवरून सर्व पेशींविषयी अनुमान केल्यामुळे. केर म्हटल्यावर तो पुढे कोणाच्या दारात जातो, हे पाहण्याचे कारण उरत नाही. त्यामुळे साधारण दशकभर हा विषय मोजक्या प्रयोगशाळांपुरताच राहिला.

३. केराचा निरोप झाला

या स्थितीत पालट घडविणारा पुरावा रोगप्रतिकारशास्त्राने दिला. १९९६ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेक्ट येथे ग्रासा रापोसो व सहकाऱ्यांनी असे दाखविले की, बी-लसिकापेशी बाहेर सोडत असलेल्या एक्झोसोमवर प्रतिजन सादर करणारे रेणू असतात आणि ते टी-पेशींना उद्दीपित करू शकतात. म्हणजे जे बाहेर टाकले जात होते ते दुसऱ्या पेशीला काहीतरी 'सांगत' होते. १९९८ मध्ये फ्रान्समधील लॉरांस झित्व्होगेल व सहकाऱ्यांनी डेन्ड्रिटिक पेशींपासून मिळविलेले एक्झोसोम कर्करोगग्रस्त उंदरांना दिले असता, आधीच वाढलेली अर्बुदे आटोक्यात येतात किंवा नाहीशी होतात, असे प्रसिद्ध केले. केर समजल्या गेलेल्या वस्तूकडे आता औषध म्हणून पाहिले जाऊ लागले.

२००७ हे वर्ष या इतिहासातील निर्णायक टप्पा मानले जाते. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात हादी व्हलादी, यान लोटव्हाल व सहकाऱ्यांनी मास्ट पेशींच्या एक्झोसोममध्ये सुमारे १३०० जनुकांचे संदेशवाहक आरएनए तसेच मायक्रोआरएनए असल्याचे दाखविले. उंदराच्या पेशींचे एक्झोसोम मानवी पेशींना दिले असता त्या मानवी पेशींत उंदराची प्रथिने आढळली. आनुवंशिक माहितीचा अंश एका पेशीतून दुसरीत जाऊ शकतो आणि तेथे वाचला जाऊ शकतो, असा याचा अर्थ होता.

पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, बोस्टन येथील योहान स्कोग, झँड्रा ब्रेकफील्ड व सहकाऱ्यांनी ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाचा अभ्यास केला. त्या अर्बुदाच्या पुटिकांतील आरएनए रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी ग्रहण करतात, असे त्यांनी दाखविले. शिवाय २५ रुग्णांपैकी ७ जणांच्या रक्तद्रवातील पुटिकांमध्ये अर्बुदाशी निगडित असा विशिष्ट जनुकीय बदल त्यांना ओळखता आला. कवटी न उघडता, केवळ रक्ताच्या नमुन्यावरून मेंदूतील अर्बुदाविषयी काही कळू शकेल, ही शक्यता रुग्णांच्या दृष्टीने किती मोलाची आहे, हे वेगळे सांगावयास नको.

४. बी आणि जमीन

कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू मूळ अर्बुदापेक्षा त्याच्या अन्य अवयवांतील प्रसारामुळे होतात. हा प्रसार कोणत्याही अवयवात सारख्याच प्रमाणात होत नाही, हे इंग्लंडमधील शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच दाखविले होते. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू झालेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांपैकी २४१ रुग्णांच्या यकृतात कर्करोग पसरला होता, तर प्लीहेत केवळ १७ जणांच्या. बी सर्वत्र उडते, पण अनुकूल जमिनीतच रुजते, असा दृष्टान्त त्यांनी दिला. शेतीशी नाते असलेल्या मराठी वाचकाला तो समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र पेरणीपूर्वी जमिनीची मशागत करावी लागते, हेही तोच वाचक जाणतो. ही मशागत कोण करते, हा प्रश्न पॅजेट यांच्यानंतर शतकाहून अधिक काळ अनुत्तरित होता.

न्यूयॉर्क येथील डेव्हिड लायडन यांच्या प्रयोगशाळेने या प्रश्नाचे एक उत्तर पुढे मांडले. २०१२ मध्ये हेक्टर पेनाडो व सहकाऱ्यांनी, मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचे एक्झोसोम अस्थिमज्जेतील पेशींचे वर्तन बदलून प्रसारास अनुकूल स्थिती निर्माण करतात, असे उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. २०१५ मध्ये आयाको होशिनो व सहकाऱ्यांनी एक्झोसोमवरील इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांचा त्यांच्या गंतव्य अवयवाशी संबंध जोडला. अल्फा-६ बीटा-४ व अल्फा-६ बीटा-१ ही इंटेग्रिने फुफ्फुसाशी, तर अल्फा-व्ही बीटा-५ हे इंटेग्रिन यकृताशी निगडित आढळले. फुफ्फुसाकडे जाणारे एक्झोसोम आधी दिले असता, एरवी हाडांत रुजणाऱ्या कर्कपेशीही फुफ्फुसात रुजू लागल्या. बी पडण्यापूर्वीच जमीन तयार केली जात होती. अर्थात हे निष्कर्ष प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांचे आहेत, याचे भान ठेवावे लागते.

५. उत्साहाची परीक्षा

'दूत' या नावाने संशोधनाला मोठी चालना दिली. त्याबरोबर अपेक्षाही भरमसाट वाढल्या. त्या संदर्भात चार गोष्टी विचारात घेणे क्रमप्राप्त आहे.

पहिली गोष्ट परिभाषेची. वेगळी केलेली पुटिका पेशीच्या आतील कप्प्यातून आली की बाह्य पटलापासून सुटली, हे केवळ आकारावरून ठरविता येत नाही. २०११ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पेशीबाह्य पुटिका संस्थेने २०१४, २०१८ आणि २०२४ मध्ये अभ्यासाचे किमान निकष प्रसिद्ध केले. उगमाचा पुरावा नसेल तेथे 'पेशीबाह्य पुटिका' हे सर्वसमावेशक नाव वापरावे, असा त्यांचा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. २०१४ मध्ये सिएटल येथील संशोधकांनी एक्झोसोममधील मायक्रोआरएनएची मोजदाद केली. विपुल समजल्या जाणाऱ्या मायक्रोआरएनएचीही एक प्रत आढळण्यासाठी सरासरी शंभराहून अधिक एक्झोसोम तपासावे लागतील, असे त्यांना दिसून आले. बहुतेक दूतांच्या झोळीत ते पत्र नसेल, तर संदेश पोहोचतो कसा, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

तिसरी गोष्ट उपचारांची. उंदरांमधील यशानंतर २००५ मध्ये मेलानोमा व फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील प्राथमिक चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार सुरक्षित असल्याचे दिसले. मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या २२ रुग्णांवरील पुढील टप्प्याच्या चाचणीत, निम्म्या रुग्णांचा आजार चार महिने स्थिर राहावा हे उद्दिष्ट साध्य झाले नाही. हे प्रमाण ३२ टक्केच राहिले.

चौथी गोष्ट बाजाराची. २०१९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, नेब्रास्का राज्यात एक्झोसोमयुक्त म्हणून विकल्या गेलेल्या उत्पादनांमुळे रुग्णांना गंभीर अपाय झाल्याची सूचना प्रसिद्ध केली. अशा एकाही उत्पादनाला त्या वेळी मान्यता नव्हती. ज्ञान अपुरे असताना केवळ नावाच्या वलयावर विक्री होऊ लागली की त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

याचा अर्थ सारे संशोधन निष्फळ ठरले असा नव्हे. मूत्रातील पुटिकांच्या आरएनएवर आधारलेली पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगाची चाचणी, सुईने ऊतीचा तुकडा काढण्याची गरज आहे की नाही हे ठरविण्यास साहाय्यभूत ठरते, असे २०१६ मध्ये दाखविण्यात आले. येथे दावा मर्यादित आहे, म्हणूनच तो तपासता येण्याजोगा आहे.

समारोप

चारगाफ यांच्या गाळातील कण आणि आजच्या प्रयोगशाळेतील पुटिका यांच्यात मूलतः फरक नाही. फरक पडला तो प्रश्नांत. रक्त का गोठते असे विचारले तेव्हा ती धूळ दिसली, ग्राही कोठे जातात असे विचारले तेव्हा केर दिसला, आणि दुसऱ्या पेशीवर काय परिणाम होतो असे विचारले तेव्हा दूत दिसला. यांतील एकही उत्तर सर्वस्वी खोटे नव्हते, आणि एकही संपूर्ण नव्हते. एकच पुटिका एका पेशीचा केर आणि दुसरीचा निरोप असू शकते.

म्हणून या इतिहासाकडे अज्ञानाकडून ज्ञानाकडे झालेली सरळ वाटचाल म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. 'केर' या शब्दाने साधारण दशकभर संशोधकांचे लक्ष दुसरीकडे वळविले. 'दूत' हा शब्द पुराव्याच्या पुढे धावू लागला तर तोही तितकाच दिशाभूल करील. पहिल्या चुकीत काळ गेला, दुसऱ्या चुकीत रुग्णाची आशा आणि आरोग्य जाऊ शकते. विज्ञानाच्या अध्यापनात शोधांच्या सनावळीबरोबर शब्दांचा हा इतिहासही शिकविला गेला, तर नव्या दाव्यांची पारख करण्याची दृष्टी विद्यार्थ्यांना लाभेल, असे वाटते.