चिखलवाटेची मोटारसायकल

दुधनीच्या आसपासच्या कच्च्या वाटा काळ्या मातीच्या. पावसाळ्यात ही माती बैलगाडीचे चाकही धरून ठेवते. मग मोटारसायकलीची काय कथा! डांबरी आणि कच्च्या, दोन्ही वाटांना पुरेल अशा वाहनाची आपली गरज म्हणूनच जुनी आहे.

१९६०च्या दशकात एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून १७५ सीसीची राजदूत काढली. ती खास रानवाटेची नव्हती, पण रचना साधी होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणे, प्लगवरची काजळी खरवडणे, चेन ताणणे, एवढे मालकही करी.

खास दुहेरी वाटेच्या गाड्या फार उशिरा आल्या : २०११ मध्ये हिरोची इम्पल्स, २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन, २०१९ मध्ये एक्सपल्स. एक्सपल्सचे पुढचे चाक २१ इंची; मोठे चाक खड्डा सहज ओलांडते. तिचे पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच. तरीही धुळीने भरलेला एअर फिल्टर साफ करणे, ढिले स्पोक आवळणे, जादा ट्यूब व हातपंप जवळ ठेवणे यांतून सुटका नाही.

२०२० साली बीएस-६ नियम आले आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. धूर घटला, हे चांगलेच झाले. पण दोष शोधण्यास आता निराळे यंत्र लागते. कानाने इंजिन ओळखणाऱ्या रस्त्यावरच्या मिस्त्रीला ते यंत्र आणि त्याचे शिक्षण कोण देणार? आम्हा कामगारांत वावरणाऱ्यांना हा प्रश्न गाडीच्या किमतीहून मोठा वाटतो. मिस्त्री मागे राहिला, तर गाडीही वाटेतच राहील.