एकतीस वर्षांचे नटवर्य : संगीतसूर्य केशवराव भोसले

१/ मराठी संगीत रंगभूमी म्हटले की बालगंधर्वांचे नाव आधी ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच काळात त्यांच्या तोलाचा आणखी एक गायक-नट महाराष्ट्र गाजवीत होता. अवघ्या एकतीस वर्षांच्या आयुष्यात तो एका नाटक कंपनीचा संस्थापक झाला, मालक झाला आणि नायकही झाला. आजचा धागा केशवराव भोसले यांच्यावर.

२/ केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील विठ्ठलराव लवकर गेले आणि संसाराचा भार आई जानकीबाईंवर आला. या ओढगस्तीत केशव लहानपणीच ‘स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी’त दाखल झाला. त्या काळी नाटक कंपनीत गेलेल्या मुलाला दोन वेळचे जेवण आणि गाण्याची तालीम मिळे. शाळा मात्र सुटे. बालनटांच्या कौतुकाच्या कथा वाचताना त्यामागची ही गरिबी विसरू नये.

३/ कंपन्यांना लहान मुले का हवी असत? स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. कोवळा, उंच पट्टीत सहज फिरणारा गळा ही कंपनीची मोठी मिळकत होती. पण ती मिळकत टिकाऊ नव्हती. वयात येताना आवाज फुटला की कालचा लाडका नट आज निरुपयोगी ठरे. प्रत्येक बालनटाच्या डोक्यावर ही टांगती तलवार असे.

४/ केशवला कीर्ती मिळाली ती ‘शारदे’मुळे. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशांच्या लोभाने कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहणारा बाप हा त्याचा विषय. परिस्थितीने अकाली घराबाहेर काढलेला एक मुलगा, घरच्यांनी विकायला काढलेल्या मुलीचे दुःख गात होता.

(जाता जाता : १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात, पण ते नाव या नाटकावरून आलेले नाही. ते विधेयक मांडणारे हरबिलास सारडा यांच्यावरून आले आहे.)

५/ तुलनेसाठी थोडे दूर जाऊ. १८०३ साली आयर्लंडमधील बेलफास्टच्या रंगमंचावर विल्यम बेटी हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा उभा राहिला. पुढच्याच वर्षी ‘मास्टर बेटी’ने लंडन वेडे केले. काही वर्षांतच लोकांचा उत्साह ओसरला. तो १८७४ पर्यंत जगला, पण ती लाट पुन्हा कधी आली नाही. बालनटाचे भवितव्य बहुधा असेच असते. केशवरावांची वाट वेगळी का ठरली?

६/ कारण ते स्वतःच्या गळ्याचे धनी झाले. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. तेव्हा त्यांचे वय होते सतरा! पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या कठोर गवयाची तालीम त्यांच्या गायकीला लाभली. स्त्रीभूमिकांकडून ते पुरुषभूमिकांकडे वळले आणि तेथेही नायक म्हणूनच शोभले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा आश्रय त्यांच्या पाठीशी होता.

७/ आता आपल्या वऱ्हाडाचा धागा. केशवरावांनी गाजविलेले ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे नाटक अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचे. लेखक वऱ्हाडातला आणि नट कोल्हापूरचा! आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही नाटककार होतेच. ‘मूकनायक’कार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी खामगाव व जळगाव जामोद येथे वकिली केली. मराठी रंगभूमीचा इतिहास म्हणजे केवळ पुणे-मुंबईचा इतिहास नव्हे.

८/ हे कसे शक्य झाले? रेल्वेमुळे. पडदे, पेट्या, पोशाख आणि माणसे असा नाटक कंपनीचा पसारा बैलगाडीने फार लांब जाणार नाही. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या स्थानकांवरून जाणाऱ्या लोहमार्गाने आणि १८७० मध्ये सुरू झालेल्या जलंब-खामगाव फाट्याने वऱ्हाडचा कापूस मुंबईस नेला. कापसाच्या हंगामात बाजारपेठांत पैसा खेळू लागला. ज्या गावी पैसा आणि रेल्वे, त्या गावी फिरत्या कंपनीला मुक्काम करणे परवडे.

९/ केशवरावांची निवडही पाहण्यासारखी आहे. पौराणिक नाटकांवर कंपनी सुखाने चालली असती. त्यांनी मामा वरेरकरांसारख्या नव्या लेखकाला हाताशी धरले. ‘हाच मुलाचा बाप’मध्ये हुंड्याचा प्रश्न आला, ‘संन्याशाचा संसार’मध्ये धर्मांतर आणि शुद्धीचा. नेपथ्याकडेही त्यांनी लक्ष दिले; चित्रकार पु. श्री. काळे यांचे पडदे ही ललितकलादर्शची ओळख बनली.

१०/ आणि मग ८ जुलै १९२१ ची ती रात्र. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग केला. भामिनी : बालगंधर्व. धैर्यधर : केशवराव. सर्वांत महाग तिकीट १०० रुपयांचे, तेही १९२१ साली! श्रीमंत भामिनीसमोर स्वतःच्या कर्तृत्वावर उभा असलेला गरीब धैर्यधर, ही भूमिका केशवरावांच्या आयुष्याच्या किती जवळची होती, हे वेगळे सांगायला नको.

११/ या प्रयोगानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवराव गेले. कंपनीचे काय होणार, हा प्रश्न होता, कारण त्या काळी बहुतेक कंपन्या एका नटाच्या जिवावर उभ्या असत. पण बापूराव पेंढारकरांनी ललितकलादर्श सांभाळली आणि त्यांच्या पश्चात पुत्र भालचंद्र पेंढारकरांनी. हा वारसा मला त्या एका रात्रीपेक्षा मोठा वाटतो. ज्याच्या बालपणाचा कंपनीने वापर केला, त्याने आपल्या पश्चातही टिकेल अशी कंपनी मागे ठेवली.

१२/ शाहू महाराजांनी बांधलेले आणि १९१५ मध्ये सुरू झालेले कोल्हापूरचे पॅलेस थिएटर पुढे ‘केशवराव भोसले नाट्यगृह’ झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ती जयंती कोल्हापूरच्या कलावंतांनी जळालेल्या वास्तूसमोर अश्रूंनी पाहिली. वास्तू पुन्हा उभी करता येते. माणसाची आठवण मात्र आपण जपली तरच उरते.

१३/ तेव्हा एक विनंती. तुमच्या गावी पूर्वी नाटक कंपन्या कोठे उतरत? एखादे जुने थिएटर, जिनिंगचे आवार, धर्मशाळा? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि येथे लिहा. गावोगावच्या या आठवणी नोंदविल्या गेल्या, तरच केशवरावांच्या काळाचा नकाशा पूर्ण होईल.