मुक्या रातकिड्याचे नामकरण

छत्तीसगडमधील कुर्रा गुहांत एक रातकिडा राहतो. त्याच्या नराला पंख नाहीत, म्हणून तो किरकिरत नाही. एरवी रातकिड्यांचे कान पुढच्या पायांवर असतात. याच्या पायांवर तेही नाहीत. या दशकाच्या आरंभी चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ डॉ. रंजना जैसवारा यांच्या अभ्यासातून तो विज्ञानाला नवा असल्याचे सिद्ध झाले. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर’ योजनेखाली त्या भारतीय उपखंडातील रातकिड्यांच्या विविधतेचा शोध घेत होत्या. नव्या जातीला ‘जयंती’ हे नाव मिळाले आणि तिच्यासाठी ‘इंडिमिमस’ हा नवा गट निर्माण करावा लागला.

अशी बातमी चार ओळींत येते आणि चार दिवसांत विसरली जाते. परंतु तिच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे. रातकिड्याची ओळखच मुळी त्याच्या आवाजावरून होते. मराठीत ‘किर्र रात्र’ म्हटले की ज्याचे नाव घेतले नाही तो गायकही कानांत जागा होतो. मग जो गातच नाही, त्याला वेगळे ओळखायचे कशावरून?

आधुनिक प्राणिनामांचा हिशेब 1758 पासून सुरू होतो. त्या वर्षी कार्ल लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. तीत लिनियसने रातकिडे, नाकतोडे, टोळ आणि प्रार्थनाकीटक या सर्वांना ‘ग्रिलस’ या एकाच प्रजातीत कोंबले होते. (येथे ‘प्रजाती’ म्हणजे जीनस आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज.) पुढची दोनशे वर्षे कीटकशास्त्रज्ञ हे गाठोडे सोडवत राहिले. कोणता कीटक कोणाचा आप्त, हे ठरवताना पंखांवरील शिरांची जाळी हा त्यांचा मोठा आधार होता, कारण नर रातकिड्याचे पुढचे पंख हे त्याचे वाद्यच असते. एका पंखावर दातेरी शीर असते, दुसऱ्याची कड तिच्यावर घासली की पंखाचा पातळ पडदा कंप पावतो आणि आवाज घुमतो.

पंखच नसलेल्या रातकिड्यांपाशी हा आधार संपत होता. जिनिव्हाचे कीटकशास्त्रज्ञ आंरी द सोस्यूर यांच्यासमोर असे काही कीटक आले. लांबलचक पाय, लहानसे शरीर, प्रथमदर्शनी कोळीच वाटावेत. 1897 मध्ये सोस्यूर यांनी त्यांच्या प्रजातीला ‘अ‍ॅरॅक्नोमिमस’, म्हणजे कोळ्याची नक्कल करणारा, असे नाव दिले. ‘अ‍ॅरॅक्नॉप्सिस’ या नावाशी घोटाळा होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. एक नाव एकाच प्राण्यासाठी, हा नियम प्राणिशास्त्र कसोशीने पाळते. या आंरींचे पुत्र म्हणजे भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर. शब्दाला अर्थ येतो तो इतर शब्दांहून असलेल्या त्याच्या वेगळेपणातून, हा विचार त्यांनी पुढे मांडला. वडिलांनी मात्र तो नियम कीटकांच्या पेट्यांपुढे बसून आयुष्यभर आचरणात आणला होता.

भारतातील गुहांच्या प्राणिजीवनाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो मेघालयातील गारो टेकड्यांमधून. 1916 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या वतीने स्टॅन्ले केम्प आणि बी. चोप्रा यांनी 1922 मध्ये सिजू गुहेची पाहणी केली. आसाम व ब्रह्मदेशातील गुहांत सापडलेले रातकिडे आणि त्यांचे आप्त वर्णनासाठी पॅरिसच्या ल्युसियाँ शोपार यांच्याकडे गेले. त्यांनी 1924 मध्ये केम्प यांच्या सन्मानार्थ ‘केम्पिएला’ ही प्रजाती स्थापन केली. पण ते नाव आधीच वापरात असल्याचे आढळले आणि 1940 मध्ये बोरिस उवारोव यांनी ते बदलून ‘केम्पिओला’ केले. याच प्रजातीतील एक जाती बस्तरच्या कोटुमसर गुहेत राहते. ती गुहा अभ्यासकांच्या नजरेस आणणाऱ्या शंकर तिवारी यांच्या नावावरून ती ‘शंकरी’ झाली. शोपार यांचा भारतीय रातकिड्यांवरील बृहद्ग्रंथ 1969 मध्ये कोलकात्यात छापला गेला आणि आजही या विषयाची सुरुवात तेथूनच होते.

इकडे पॅरिस-जिनिव्हात पंखांच्या शिरा मोजल्या जात होत्या, तेव्हा अटलांटिकपलीकडे एका भौतिकशास्त्रज्ञाने रातकिड्याचे गाणे मोजले. योगायोगाने तेही वर्ष 1897 होते. एमॉस डॉल्बेअर यांनी ‘तापमापक म्हणून रातकिडा’ या आशयाचा छोटासा लेख लिहिला आणि मिनिटाला होणाऱ्या किरकिरींवरून हवेचे तापमान काढण्याचे सूत्र दिले: किरकिरींच्या संख्येतून 40 वजा करा, उरेल त्याला 4 ने भागा आणि त्यात 50 मिळवा, आले फॅरनहाइटमधील तापमान. सूत्र सुबक होते. पण हा रातकिडा कोणता, हे डॉल्बेअर यांनी लिहिलेच नाही. त्यांनी ऐकलेला कीटक बहुधा उत्तर अमेरिकेतील झाडांवर राहणारा फिकट रातकिडा असावा, असे पुढील अभ्यासकांनी अनुमानाने ठरवले. त्या जातीला आज मान्य असलेले ‘इकँथस फुल्टोनाय’ हे नाव थॉमस वॉकर यांनी दिले ते 1962 मध्ये. निसर्गाचा एक नियम पासष्ट वर्षे कर्त्यावाचून वावरत होता.

या प्रसंगात नामकरणाचे मोल दडलेले आहे. वर्गीकरण म्हणजे पोस्टाची तिकिटे गोळा करणे, असा एक उपहास विज्ञानजगतात अधूनमधून ऐकू येतो. पण प्रत्येक जातीची किरकिरण्याची गती वेगळी असते. नाव नसेल तर मोजमाप दुसऱ्याला पडताळून पाहता येत नाही. आणि जे पडताळता येत नाही त्याला विज्ञानात फारशी किंमत नसते. ज्यांच्या सन्मानार्थ वॉकर यांनी ते नाव दिले, त्या बी. बी. फुल्टन यांनी आणि नंतर रिचर्ड अलेक्झांडर यांनी 1950 च्या दशकात दाखवून दिले की, दिसायला अगदी सारखे रातकिडे गाण्यावरून वेगळ्या जातींचे असल्याचे ओळखता येते. आवाज हाच दाखला झाला.

कुर्राच्या रातकिड्याकडे हा दाखला नाही. पंख नाहीत, म्हणून शिरा नाहीत. गाणे नाही, म्हणून ध्वनिमुद्रणही नाही. उरते ते शरीर, आणि त्यातही नराच्या जननांगांची सूक्ष्म रचना. मऊ ऊती कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात विरघळवल्या की आतले कठीण भाग सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसू लागतात. बाहेरून जुळ्यांसारख्या वाटणाऱ्या जातींतही या भागांचे आकार पुष्कळदा वेगळे निघतात, कारण उत्क्रांतीत हे अवयव इतर अवयवांपेक्षा झपाट्याने बदलतात. लॉर देस्युत्तेर यांनी 1980 च्या दशकात या भागांची तौलनिक मांडणी करून रातकिड्यांच्या वर्गीकरणाला नवा पाया दिला. कुर्राच्या नराची ही रचना ‘अ‍ॅरॅक्नोमिमस’मधील पूर्वपरिचित जातींशी जुळली नाही. म्हणून त्या प्रजातीचे दोन पोटविभाग करण्यात आले: जुन्या जातींसाठी ‘युअ‍ॅरॅक्नोमिमस’ आणि नव्या पाहुण्यासाठी ‘इंडिमिमस’.

‘जयंती’ हे नाव मराठी कानाला स्त्रीलिंगी वाटेल. प्रत्यक्षात ती लॅटिन षष्ठी आहे. पुरुषाच्या नावाला ‘ई’ लागून ‘जयंताचा’ असा अर्थ होतो. छत्तीसगडच्या गुहांचे अभ्यासक डॉ. जयंत बिस्वास यांचा हा गौरव आहे. ‘शंकरी’ची घडणही अशीच. आणि येथे सोस्यूर घराणे पुन्हा आठवते. फेर्दिनां यांनी 1880 मध्ये लाइपझिग विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली, ती संस्कृतातील षष्ठीच्या एका प्रयोगावरील प्रबंधासाठी.

आता भौतिकशास्त्राचा प्रश्न. न गाणारे, न ऐकणारे हे जीव परस्परांना शोधतात कसे? पोट किंवा शरीराचा एखादा भाग गुहेच्या पृष्ठभागावर आपटून ते कंपनांनी संवाद साधत असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे. यात असंभव काही नाही. सेकंदाला पाच हजार कंपने असलेल्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे सात सेंटिमीटर भरते. एवढी लांब लाट काही मिलिमीटरच्या पंखाने हवेत सोडणे मुळातच खर्चिक असते. पृष्ठभागावरून संदेश पाठवणाऱ्याला ही अडचण येत नाही. मात्र चुनखडक अतिशय ताठर असतो. हलक्या कीटकाच्या आघाताने तो जेमतेम हलेल. सुटी माती किंवा पातळ पापुद्रा कदाचित अधिक हलेल. म्हणून हा कयास लेझरवर चालणाऱ्या कंपनमापकाखाली, त्याच गुहेतल्या पृष्ठभागांवर तपासला जायला हवा. तोवर तो कयासच समजावा.

आणखी एका घाईच्या निष्कर्षापासून विद्यार्थ्यांनी सावध राहावे. गुहेत अंधार, म्हणून पंख गळाले, ही कथा आकर्षक आहे. पण पंखहीन, मुके रातकिडे गुहेबाहेर, पालापाचोळ्यातही आढळतात. मौनाची कारणे अनेक असू शकतात. हवाई बेटांपैकी कवाईवर रातकिड्यांचे गाणे ऐकून एक परजीवी माशी त्यांचा माग काढते. तेथील बहुसंख्य नर अवघ्या काही पिढ्यांत मुके झाल्याचे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. त्यांचे पंख शाबूत होते. फक्त त्यांवरचे वाद्य पुसले गेले होते. कुर्राच्या पूर्वजांनी पंख गुहेत शिरण्यापूर्वी गमावले की नंतर, हे त्यांच्या आप्तांचा वंशवृक्ष मांडल्याशिवाय सांगता येणार नाही.

नाव मिळाल्याने त्या कीटकाच्या आयुष्यात काही बदलले नाही. बदलली आपली जबाबदारी. गुहेतील जीवसृष्टी बाहेरून वाहत येणाऱ्या काडीकचऱ्यावर आणि वटवाघळांच्या विष्ठेवर जगते. दिवे, धूर, खोदकाम किंवा माणसांची वर्दळ यांनी तिचा तोल सहज ढळू शकतो. वाघ नाहीसा झाला तर त्याची डरकाळी ऐकू येईनाशी होते आणि कोणाच्या तरी ते ध्यानात येते. मुका रातकिडा नाहीसा झाला तर रात्र होती तेवढीच शांत राहील. त्याची अनुपस्थिती कळण्याचा एकच मार्ग आहे: तो होता, याची कोठेतरी नोंद असली पाहिजे. संग्रहालयातील एक आदिनमुना, काही रेखाटने, मोजमापे आणि दोन लॅटिन शब्द, एवढीच ती नोंद असते. ज्याला स्वतःचा आवाज नाही, त्याच्या बाजूने साक्ष देण्यासाठी आज एवढेच कागद उपलब्ध आहेत.