चाळीस दिव्यांचा ताळेबंद

अंबड लिंक रोडचा भंगार बाजार २०१७ साली महापालिकेनं उठवला. त्याआधी तिथूनच मी गणपतीसाठी चाळीस दिव्यांची जुनी माळ आणली. घरी ती पेटेना!

या माळांचे मूळपुरुष एडवर्ड जॉन्सन, एडिसनसाहेबांचे सहकारी. १८८२ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या घरी त्यांनी झाडावर ८० लाल, पांढरे, निळे दिवे लावले. वर ते झाड गरगर फिरवलंही. आमची सिरीजची माळ पक्की युनियनवाली. एकानं लेखणी टाकली की चाळिसांचा संप! दहा पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बँकेत बसणारा मी, शेजाऱ्यांकडचा एक चांगला बल्ब घेऊन प्रत्येक जागी लावून पाहू लागलो. सदतिसाव्या जागी माळ पेटली.

"चला आता आरतीला," ही म्हणाली, "उद्या विसर्जन आहे."