छापलेला कोड आणि चाललेला कोड

प्रबंधाच्या शेवटी परिशिष्टात तुम्ही प्रोग्रामचा कोड छापणार असाल, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. जो कोड छापलाय, तोच चालवला होता का?

मी एमएस्सीच्या प्रकल्पात हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. कोड वर्डमध्ये पेस्ट केला, कीवर्ड हाताने ठळक केले, रंग दिले, इंडेंटेशन स्पेस मारून मारून सरळ केलं. परिशिष्ट एकदम देखणं झालं. दोन आठवड्यांनी एका लूपच्या अटीत चूक सापडली. ती मूळ फाइलमध्ये दुरुस्त केली, निकाल नव्याने काढले, तक्ते बदलले, पण परिशिष्ट तसंच राहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "या अटीने तुमच्या तिसऱ्या तक्त्यातले आकडे कसे येतील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. निकाल बरोबर होते, पण समोरच्या कागदावरून ते सिद्ध होत नव्हतं.

नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं, की कोड नीट छापण्याचा सगळा इतिहास याच भांडणाचा आहे: माणसाला वाचायला सोपी प्रत आणि यंत्राने चालवलेली प्रत, या दोन एक कशा ठेवायच्या?

कार्डांचा काळ

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये 1960 साली 'टिफ्रॅक' हा संगणक रीतसर सुरू झाला आणि 1964 मध्ये तिथे सीडीसी 3600 आला. देशभरातल्या संस्थांमधले संशोधक हे यंत्र वापरत. काम फोरट्रानमध्ये आणि पंच कार्डांवर चाले. एका कार्डावर 80 स्तंभ असत. आयबीएमने हा आकार 1928 मध्येच ठरवला होता. फोरट्रानमध्ये पहिले पाच स्तंभ ओळीच्या क्रमांकासाठी, सहावा आधीची ओळ पुढे चालू असल्याची खूण करण्यासाठी, 7 ते 72 प्रत्यक्ष विधानासाठी राखलेले असत. 73 ते 80 मध्ये कार्डाचा अनुक्रमांक टाकता येई, म्हणजे गठ्ठा हातातून पडला तरी पुन्हा लावता येई.

छापील लिस्टिंग म्हणजे या कार्डांचीच नक्कल, बहुतेक वेळा सगळी मोठी अक्षरं. दिसायला रुक्ष, पण एक गुण पक्का होता: जे कार्डावर, तेच कागदावर. आजही अनेक जण कोडची ओळ 80 अक्षरांच्या आत ठेवतात, ती त्या कार्डाची आठवण आहे.

सुंदर छपाई आणि तिची किंमत

अल्गोल 60 ही भाषा आखणाऱ्यांनी ओळखलं, की माणसाची गरज वेगळी आणि यंत्राची वेगळी. म्हणून त्यांनी भाषेची तीन रूपं मानली: संदर्भासाठी, प्रकाशनासाठी आणि यंत्रासाठी. प्रकाशनात 'बिगिन', 'एंड' हे शब्द ठळक छापायचे. यंत्राकडे ठळक अक्षरच नव्हतं, म्हणून तिथे तेच शब्द अवतरणचिन्हांत टाकण्यासारख्या युक्त्या कराव्या लागत.

1960 पासून 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात अल्गोरिदम अशा देखण्या रूपात छापले जाऊ लागले. पण छापील रूप आणि यंत्रावरचं रूप वेगळं म्हटल्यावर मधे माणसाचा हात आला, आणि हात आला की चूक आली. त्यामुळे तिथे एक चांगली प्रथा पडली. दुसरा कोणीतरी छापलेला अल्गोरिदम स्वतःच्या यंत्रावर चालवून बघे आणि 'सर्टिफिकेशन' म्हणून त्याचा अहवाल छापून येई: चालला की नाही, कुठे दुरुस्ती लागली. निकाल पुन्हा काढून बघण्याची चर्चा आज आपण नवी समजतो, ती तेव्हाच सुरू झाली होती.

मग मधला हात काढायचा कसा? छपाईचं कामही प्रोग्रामलाच द्यायचं. 1970 मध्ये पीएल/1 भाषेतला कोड नीट लावून देणाऱ्या 'नीटर2' या प्रोग्रामवर लेख आला. 1980 मध्ये डेरेक ऑपेन यांनी 'प्रेटीप्रिंटिंग' हा शोधनिबंध लिहिला. त्यातली कल्पना साधी आहे. एखादा गट एका ओळीत मावत असेल तर मावू द्या. नसेल तर आधी बाहेरच्या पातळीवर तोडा, मग आतल्या. हे ठरवायला पूर्ण प्रोग्राम लक्षात ठेवावा लागत नाही, एका ओळीच्या रुंदीइतकं पुढचं दिसलं तरी पुरतं. शोधनिबंध कसा वाचायचा याचा सराव करायचा असेल, तर हा घ्या.

वाचण्यासाठी छापलेला कोड

ऑस्ट्रेलियात जॉन लायन्स यांनी 1976-77 च्या सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा विद्यार्थ्यांसाठी छापला. सुमारे 9,000 ओळी, सलग क्रमांक दिलेल्या, आणि सोबत वेगळ्या पुस्तकात भाष्य. भाष्यात ओळीचा क्रमांक आला की नेमकी जागा लगेच सापडे. पुढे परवान्याच्या अटींमुळे ते पुस्तक उघड मिळेना, तेव्हा विद्यार्थ्यांनी झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून वाचलं. रीतसर प्रकाशन व्हायला 1996 उजाडलं. एमआयटीने 2006 मध्ये शिकवण्यासाठी बनवलेल्या एक्सव्ही6 ची छापील पुस्तिका याच धर्तीची आहे, आणि आयआयटी मुंबईतही ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना एक्सव्ही6 वापरतात.

डोनाल्ड कनूथ एक पाऊल पुढे गेले. 1984 च्या लेखात त्यांनी 'लिटरेट प्रोग्रामिंग' मांडलं. फाइल एकच. 'टँगल' तिच्यातून यंत्रासाठी कोड काढतो आणि 'वीव्ह' माणसासाठी छापायचा दस्तऐवज. त्यांच्या टेक् या प्रणालीचा सगळा कोड याच पद्धतीने 1986 मध्ये पुस्तकरूपात आला. आपल्याकडे निर्णयसागरच्या जुन्या संस्कृत पुस्तकांत वर मूळ आणि खाली टीका एकाच पानावर असते, तसं काहीसं. फरक इतकाच, की इथे मूळ आणि टीका एकाच फाइलमधून निघतात, त्यामुळे एक बदलून दुसरी जुनी राहण्याचा धोका खूपच कमी होतो.

तुम्ही काय करायचं

पहिलं, कोड लेटेक्समध्ये पेस्ट करू नका. 'लिस्टिंग्ज' किंवा 'मिंटेड' पॅकेजला मूळ फाइलचं नाव द्या. फाइल बदलली की पुढच्या वेळी पीडीएफही बदलेल. माझी चूक एवढ्यानेच टळली असती.

दुसरं, पीडीएफमधला कोड कॉपी करून चालवून बघा. वजाचं चिन्ह गणिती वजा झालेलं असू शकतं, सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालेली असू शकतात. कागदावर फरक डोळ्यांना जाणवत नाही, कंपायलरला जाणवतो.

तिसरं, टिपा मराठीत लिहिल्या असतील तर आधीच तपासा. 'लिस्टिंग्ज' पॅकेजची यूटीएफ-8 शी फारशी मैत्री नाही, देवनागरीवर ते अडखळतं. झीलेटेक् आणि 'मिंटेड' ही जोडी जास्त बरी. तरीही 'क्ष', 'स्त्री' अशी जोडाक्षरं सारख्या रुंदीच्या चौकटीत बसत नाहीत, त्यामुळे ओळीच्या शेवटी टिपा एकाखाली एक लावायला गेलात तर त्या हलतात. टीप स्वतंत्र ओळीवर ठेवा. टीप मराठीत आहे म्हणून ती काढून टाकू नका.

चौथं, एकदा सगळं कागदावर काढून वाचा. पळसदरीहून मुंबईला लोकलने दोन तास तरी जातात. मी परिशिष्टाची प्रिंट आणि पेन्सिल घेऊन बसतो. कागदावर कोड चालवता येत नाही, म्हणून तो वाचावा लागतो. माझ्या सध्याच्या कामातल्या दोन चुका अशाच सापडल्या, एक तर कर्जत यायच्या आतच.

आणि परिशिष्टाच्या पहिल्या ओळीत कोडची कोणती आवृत्ती आहे, ते तारखेसकट लिहा. परीक्षक विचारतील तेव्हा बोट ठेवायला जागा हवी.